ऑक्टोपसच्या शोधात मराठवाडा: चार दिवस, एक भाची, दोन छत्र्या

मे महिन्यात आम्ही मालवणला गेलो होतो. सकाळी रापण ओढताना जाळ्यात एक ऑक्टोपस आला. कोळीदादांनी तो उचलून निळ्या टोपलीत टाकला. जाळ्यात तपकिरी दिसणारा तो प्राणी टोपलीत पडताच पांढुरका झाला. मग कडेवरून वाळूवर उतरला आणि आमच्या डोळ्यांदेखत ठिपकेदार, खरबरीत होत वाळूत मिसळला. दादांनी त्याला पायानं हलकेच पाण्याकडं सरकवलं. खेळ संपला, पण सहावीतल्या भाचीचे प्रश्न तिथून सुरू झाले.

"सरड्यासारखा रंग बदलतो गं," मी नेहमीच्या सवयीनं म्हणालो.

"आणि सरडा कसा बदलतो?"

मला उत्तर येत नव्हतं. अंबाजोगाईपर्यंतच्या परतीच्या प्रवासात तिनं तो प्रश्न चार वेळा विचारला. शेवटी दसरा झाल्यावर मी चार दिवस रजा टाकली. आपल्याकडं समुद्र नाही हे खरं, पण रंगाची लपवाछपवी करणारे कमी नाहीत. त्यातले जेवढे सापडतील तेवढे बघायचे, एवढाच बेत होता.

पहिला दिवस : अंबाजोगाई ते कन्नड

दिवस एसटीतच गेला. बीड, छत्रपती संभाजीनगर, तिथून वेरूळच्या रस्त्यानं कन्नड. एवढंच सांगतो की बीडच्या स्टँडवर सीताफळं घेतली आणि संभाजीनगरपर्यंत आमच्या सीटखाली बियांचा ढीग झाला. सीताफळं घ्यायची तर कडक घ्या. पिकलेली पिशवीत फुटतात, मग कपड्यांनाही सीताफळाचा वास.

मित्राचं शेत गौताळ्याच्या जंगलाला लागून आहे. पोचलो तेव्हा दिवस कलला होता. वहिनींनी बाजरीची भाकरी, येसर आमटी आणि वांग्याचं भरीत असा बेत केला होता. जेवण होईतो बाहेरून आवाज यायला लागला, चक्... चक्... चक्-चक्-चकर्रर्र. फरशीवर टाकलेली गोटी उड्या मारत मारत थांबावी तसा.

"रातवा हाय," सालगडी म्हणाला. "बसलेला दावू का?"

बॅटरी घेऊन निघालो. पांदीत पन्नासेक पावलांवर दोन लाल ठिणग्या दिसल्या. ते त्याचे डोळे. प्रकाश जरा खाली केला तर डोळेही गेले आणि पक्षीही. सालगड्यानं काठी लांब करून दाखवलं, "ह्यो काय." आम्हाला दिसला पाचोळा. भाची उकिडवी बसून बघत राहिली. मला वाटतं दहा मिनिटं तरी गेली असतील. मग ती हळूच म्हणाली, "मामा, त्या पाचोळ्याला चोच आहे."

खरंच होती. करडा, तपकिरी, मधेच काळ्या बारीक रेघा, अंगभर वाळल्या पानांची नक्षी. रातवा रंग बिंग काही बदलत नाही. त्याचा सगळा भरवसा न हलण्यावर. अंगावर पाय पडायची वेळ आली तरच उडतो. परतताना मी म्हणालो की हा आपल्या रंगाला शोभेल अशी जागा शोधतो आणि ऑक्टोपस जागेला शोभेल असा रंग घेतो. भाचीनं मान डोलावली. चार दिवसांत तिनं वाद न घालता मान्य केलेली माझी ही एवढीच गोष्ट.

*(रात्री फिरायचं ते जंगलाबाहेर, शेताच्या पांदीतच. अभयारण्यात अंधारानंतर जायचं नाही. पायात बूट आणि सोबत गावातलं माणूस हवंच, कारण पाचोळ्यात रातव्याखेरीज इतर मंडळीही बसलेली असतात.)*

दुसरा दिवस : गौताळा आणि बोरीवरचा घोयरा

गौताळा औट्रम घाट अभयारण्य 1986 सालचं, साधारण 260 चौरस किलोमीटर. सातमाळ्याच्या डोंगररांगांत संभाजीनगर आणि जळगाव या दोन जिल्ह्यांत पसरलेलं. पाऊस नुकताच संपल्यानं ओढे वाहत होते आणि गवत कमरेइतकं वाढलं होतं. फोटोला छान, प्राणी बघायला अवघड.

निघता निघता शेताच्या तारेवर एक साधा सरडा दिसला. डोकं आणि गळा लालभडक. "हा बघ, बदलला रंग," मी म्हणालो. हा बागेतला नेहमीचा सरडा. विणीच्या काळात नराचं डोकं असं लाल होतं, हंगाम सरला की पुन्हा मातकट. आम्ही पुढं सरकलो तसा तो तारेवरून पळाला आणि खांबापाशी थांबला. कुंपणापर्यंतच. भाचीला ती म्हण समोर घडताना बघून इतकं हसू आलं की पुढचे दोन पक्षी तिच्या आवाजानं उडाले.

पण आम्हाला हवा होता खरा शॅमेलिऑन, ज्याला घोयरा म्हणतात. दुपारपर्यंत मिळाला नाही. मधल्या वेळात पितळखोऱ्याची लेणी पाहून आलो. लेण्यांबद्दल जाणकारांनी भरपूर लिहिलंय, मी त्यात भर घालत नाही. एवढंच सांगतो की उतरायच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, चपलेवर जाऊ नका. तिथल्या कातळावर हात फिरवताना भाचीनं विचारलं, "रंग जमला, पण ऑक्टोपस खरबरीत कसा झाला?" मी म्हणालो, अंगावर काटा येतो ना, तसं. त्याच्या कातडीत स्नायूंचे बारके उंचवटे असतात. ते उभे केले की अंग दगडासारखं किंवा शेवाळासारखं दिसतं, सोडले की पुन्हा गुळगुळीत. "पण काटा काही आपण ठरवून आणत नाही," ती म्हणाली. बरोबर. पहिली उपमा गेली.

घोयरा शेवटी जंगलात नाही, परतताना एका बांधावरच्या बोरीत सापडला. शेळ्या राखणाऱ्या आजींनी लांबूनच सांगितलं, "त्याच्या वाऱ्याला उभं राहू नका, लई इखारी असतंय." तसं काही नसतं. घोयरा बिनविषारी आहे. पण ह्या भीतीपायी गावोगाव तो दगडांनी मारला जातो. आजींना तसं सांगितलं. त्या "असंल बाबा" म्हणाल्या आणि चार पावलं आणखी मागं सरकल्या.

वीतभर हिरवं जनावर, अंगावर पिवळसर पट्टे, शेपटी गुंडाळलेली. चिमट्यासारख्या बोटांनी फांदी धरून एक पाय उचलायचा, पुढं-मागं डुलायचं, मग टेकवायचा. वाऱ्यानं पान हलावं तशी चाल. एक डोळा आमच्यावर, दुसरा मागं, दोन्ही आपापले फिरतात. बघता बघता त्यानं जीभ टाकली आणि समोरचा टोळ गायब. जीभ अंगाहून लांब असते हे वाचलेलं होतं, पण बघताना ती दिसतच नाही. टोळ नाहीसा झाल्यावर कळतं.

भाचीनं खिशातून लाल रुमाल काढून त्याच्या मागं धरला. हात न लावता, हातभर अंतरावरून. मला हसू आलं, पण थांबलो. एक मिनिट, दोन मिनिटं. घोयरा लाल झाला नाही. उलट अंग फुगवून काळपट पडायला लागला, पट्ट्यांच्या जागी गडद ठिपके उमटले.

"त्याला राग आला," ती म्हणाली आणि रुमाल खिशात घातला.

तिचं निदान बरोबर होतं. मागं जो रंग असेल तो घोयरा अंगावर घेतो, ही आपली समजूत. त्याच्या रंगाचा संबंध जास्त करून मिजाशीशी असतो. भीती, राग, मादीला दाखवायचा रुबाब. थंडीत ऊन शोषायलाही तो गडद होतो. 2015 साली जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी पँथर शॅमेलिऑन या त्याच्या आफ्रिकी भाऊबंदावर काम करून दाखवलं की कातडीतल्या काही पेशींत ग्वानिन नावाच्या पदार्थाचे अतिसूक्ष्म स्फटिक ओळीनं मांडलेले असतात. त्यांच्यातलं अंतर वाढलं किंवा घटलं की परतणाऱ्या प्रकाशाचा रंग बदलतो. म्हणजे 'सरड्यासारखा रंग बदलतो' हे ऑक्टोपसबद्दल म्हणणं सगळ्या बाजूंनी चूक. कारण वेगळं, यंत्रणा वेगळी आणि वेगही. घोयऱ्याला मिनिटं लागली, ऑक्टोपसला सेकंदभरही लागत नाही.

संध्याकाळी कन्नडच्या बाजारातून पांढरा फुगा घेतला. ऑक्टोपसच्या कातडीत क्रोमॅटोफोर नावाच्या रंगाच्या बारीक पिशव्या असतात. पिवळ्या, लालसर, तपकिरी-काळ्या. पिशवीला चहूबाजूंनी स्नायू जोडलेले. स्नायू ताणले की पिशवी पसरते आणि रंग दिसतो, सैल सोडले की आक्रसून टिंब. हुकूम थेट मज्जातंतूंतून येतो, म्हणून इतकं झटपट. हे सांगून मी फुग्यावर स्केचपेननं दाट ठिपके काढले आणि फुगवला. ठिपके मोठे झाले. हवा सोडली, लहान झाले. मी खूश.

"पण मामा, सगळा फुगाच लहान झाला. पांढरं पण तेवढंच कमी झालं. ऑक्टोपस थोडाच लहान होतो? ठिपकाच तेवढा लहान व्हायला पाहिजे."

वहिनी भाकऱ्या थापताना हसत होत्या. दुसरी उपमाही गेली.

तिसरा दिवस : बिडकीनचा इन्स्पेक्टर आणि पैठणची छत्री

संभाजीनगरहून पैठण पन्नासेक किलोमीटर. बिडकीनला मित्राची जीप पंक्चर झाली. दुकान सापडलं, पण पंक्चरवाला जेवायला गेलेला. चहाच्या टपरीवर बसलो तर खाकी कपड्यातला एक माणूस काठी आपटत आला. "गाडी कुणाची? कागद काढा! ही पोरगी शाळा बुडवून कुठं चालली?" मी खिशात हात घातलासुद्धा. भाचीनं खाली बघितलं आणि म्हणाली, "काका, तुमच्या पायात चपला आहेत."

टपरीवर हशा पिकला. बहुरूपी! मी लहानपणी पाहिले होते, त्यानंतर गाठच पडली नव्हती. त्यांना चहा पाजला. सांगत होते, घराण्यातच आहे, वडील रायरंदाचं सोंग घेऊन गावोगाव फिरायचे. "माणूस बघून सोंग काढायचं. शाळेपुढं साहेब, शेतात तलाठी. तलाठ्याला शेतकरी जास्त भितो." जाताना त्यांनी भाचीच्या लग्नाचं आवतण मलाच दिलं, बँडबाजासकट. मी पन्नास रुपये दिले, ती लाजून जीपमागं लपली.

मिमिक ऑक्टोपस म्हणून एक आहे, तो हाच धंदा करतो. 1998 मध्ये इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटाजवळ तो पहिल्यांदा अभ्यासकांच्या नजरेत आला. उघड्या वाळूवर राहतो, लपायला फारसा आडोसा नाही. मग सोंगं. हात अंगाला चिकटवून चपट्या माशासारखा तळाला सरपटतो. हात पसरून विषारी काट्यांच्या लायनफिशसारखा पोहतो. डॅमसेल मासे अंगावर आले की सहा हात बिळात घालतो आणि उरलेले दोन विरुद्ध दिशांना लांब करतो. काळे-पांढरे पट्टे असलेले ते हात म्हणजे हुबेहूब समुद्री साप, आणि डॅमसेल हे त्या सापाचं भक्ष्य. माणूस बघून सोंग! भाचीनं हे ऐकून एवढंच विचारलं, "त्याच्या चपला कुणाला दिसतात का?"

पैठणला दुपारी पैठणीच्या हातमागावर गेलो. विणणाऱ्या ताई पदरावर मोर काढत होत्या. ताण्याचे धागे बोटांनी उचलायचे, रंगीत रेशमाची एकेक तिल्ली त्यातून फिरवायची, मग ठोकायचं. अर्ध्या तासात मोराची मान बोटाच्या पेरानं वाढली असेल. शेजारी एक धूपछांव साडी होती. ताईंनी ती उजेडात धरून हलवली. इकडून बघितलं तर निळी, तिकडून जांभळी. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. कोनाप्रमाणं कधी हा वर दिसतो, कधी तो.

ऑक्टोपसच्या कातडीतही रंगांच्या पिशव्यांखाली इरिडोफोर नावाच्या पेशी असतात, प्रकाश परतवून निळ्या-हिरव्या झाक देणाऱ्या. त्याच्याही खाली ल्युकोफोर, ते येईल तो प्रकाश जवळजवळ तसाच परत फेकतात, म्हणून पांढरे दिसतात. मी लगेच जाहीर केलं, "हे बघ, इरिडोफोर म्हणजे धूपछांव."

"पण ताई, रेशीम रंगवलेलंच आहे ना?"

"मग! रंगवल्याबिगर कसं?" ताई म्हणाल्या.

भाचीनं माझ्याकडं बघितलं. इरिडोफोरमध्ये निळा रंग कुणी भरलेला नसतो. पातळ थरांवरून प्रकाश परततो, तेव्हा तो निळा होतो. तिसरी गेली.

*(पैठणी घ्यायची नसेल तर आधीच तसं सांगा, विणणाऱ्यांचा वेळ महाग असतो. घ्यायची असेल तर साडी उलटून बघा. हातमागाच्या पदराची नक्षी मागूनही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते.)*

नाथसागरावर जाऊन जायकवाडीचे 27 दरवाजे मोजले. 26 भरले, पुन्हा मोजले, मग भरले 27. धरणाकाठी तळलेला रोहू खाल्ला. मासा शिजायच्या आधी भाचीनं तो उलटासुलटा करून पाहिला. पाठ काळपट, पोट पांढरं. वरून बघणाऱ्याला खालचं गढूळ पाणी दिसतं, त्यात पाठ हरवते. खालून बघणाऱ्याला आभाळाचा उजेड दिसतो, त्यात पोट हरवतं. हे मात्र मी बिनचूक सांगितलं. उपमा टाळली, म्हणून असेल.

संध्याकाळी आभाळ भरून आलं. आम्ही लॉजच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत उभे होतो. (खोली आधी ठरवलेली मिळाली नाही, 'नोंदच नाही' म्हणाले. जी मिळाली तिला ही गॅलरी होती, म्हणून तक्रार मागं घेतो.) खाली बाजाराचा रस्ता, माणसं, भाजीच्या पाट्या, फिकट सिमेंट. परतीच्या पावसाचे टपोरे थेंब पडले आणि फट् फट् छत्र्या उघडल्या. एक, चार, वीस. बघता बघता सिमेंट दिसेनासं झालं, रस्ता काळा झाला. सर थांबली. छत्र्या मिटल्या आणि रस्ता पुन्हा फिकट.

भाची कठड्याला धरून ओरडलीच. "मामा! रस्ता तेवढाच राहिला!"

मला कळायला क्षण लागला. ती आत पळाली, माझी जुनी काळी छत्री घेऊन आली आणि आतून काड्या दाखवायला लागली. कापडाच्या चहूबाजूंना काड्या, त्या ताणल्या की कापड पसरतं, सोडल्या की मिटून दांड्याएवढं. काड्या म्हणजे स्नायू, कापड म्हणजे रंगाची पिशवी. आणि छत्रीखालचा रस्ता जिथल्या तिथं. मी दोन दिवस फुग्यात हवा भरत होतो आणि उत्तर माझ्याच पिशवीत होतं.

"फक्त एक," ती म्हणाली, "खाली प्रत्येकाला पाऊस लागला म्हणून छत्री उघडली. ऑक्टोपसमध्ये सगळ्यांना मेंदू सांगतो."

तिनं स्वतःचीही उपमा सोडली नाही.

चौथा दिवस : नायगावचं पीस आणि घर

बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात नायगाव मयूर अभयारण्य आहे, 1994 सालचं, जेमतेम 30 चौरस किलोमीटर. बालाघाटाच्या माळावर सकाळी सातला पोचलो तेव्हा मोर ओरडत होते, पण पिसाऱ्याची शोभा नव्हती. पावसाळा संपता संपता पिसारा झडतो. नाच बघायचा असेल तर पावसाळ्याच्या तोंडाला या आणि स्वतःचं वाहन आणा, एसटी जवळपास सोडते, आत नेत नाही.

झडलेलं एक पीस वाटेत मिळालं. भाचीनं पिसावरचा डोळा उन्हाकडं तिरपा धरला, तर निळा-हिरवा झळाळला. मग पीस सूर्याच्या आड धरून आरपार बघितलं. तपकिरी, मळकट. पुन्हा तिरपं, निळं. आड, तपकिरी. मोराच्या पिसात निळा रंग नाहीच. आहे ते मेलॅनिन, आपल्या केसांतलं. त्याच्या अतिसूक्ष्म काड्या अशा मांडलेल्या असतात की परतणारा प्रकाश निळा होतो. "हा इरिडोफोर," ती म्हणाली, "पैठणीवरचा नाही, खरा." वनरक्षक दादांनी पीस होतं तिथं ठेवायला लावलं. अभयारण्यातून काही उचलायचं नाही, हा नियम आहे आणि योग्यच आहे. दोन वेळा मागं वळून बघत तिनं ते ठेवलं.

पाटोद्याच्या रस्त्यावर एका झाडाखाली शिदोरी सोडली, वहिनींनी दिलेली दशमी आणि शेंगदाण्याची चटणी. तिथं मी तिला राखून ठेवलेली गोष्ट सांगितली. ऑक्टोपस रंगांधळा असतो. त्याच्या डोळ्यांत प्रकाश टिपणारी एकाच प्रकारची पेशी, आपल्यासारखी रंगांसाठी तीन नाहीत. भाचीचा घास हातातच राहिला.

"मग तो जुळवतो कसा?"

उजेड-अंधाराचा फरक आणि पृष्ठभागाची नक्षी त्याला नीट दिसते, त्यावर बरंचसं भागतं. 2015 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी ऑक्टोपसच्या कातडीचा तुकडा वेगळा काढून त्यावर प्रकाश टाकला, तर त्यातल्या रंगाच्या पिशव्या मेंदूशिवायच पसरल्या. म्हणजे कातडीलाच उजेड कळतो. डोळ्याच्या बाहुलीच्या विचित्र आकारामुळं रंग ओळखता येत असावेत, असंही काहींचं म्हणणं आहे. वाद चालू आहे.

"काल मी म्हणाले ना, मेंदू सांगतो. मग काही छत्र्या आपल्या आपणच पण उघडतात." असं म्हणून तिनं उरलेली दशमी संपवली.

अंबाजोगाईला उतरलो तेव्हा भुरभुर सुरू होती. मी पिशव्या काढेपर्यंत ही स्टँडच्या मधोमध उभी. एका हातात माझी काळी छत्री, दुसऱ्या हातात तिची पिवळी. काळी उघडायची, पिवळी मिटायची. पिवळी उघडायची, काळी मिटायची. केस भिजलेले. लोक बघत होते. आमच्या गाडीचे कंडक्टर खाली उतरून म्हणाले, "ए पोरी, दोन-दोन छत्र्या असून भिजायलीस की!"

"थांबा काका," ती म्हणाली, "अजून वेग येईना."